बारा सुतांचं अंतर

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला लोक दोनच गोष्टी विचारतात. अल्बम कधी मिळणार आणि व्हिडिओ कधी मिळणार. ते एकदा हातात पडले की मूळ शूटिंगचं पुढं काय होतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. येतं ते चार-पाच वर्षांनी. पेन ड्राइव्ह हरवलेला असतो, डीव्हीडीवर ओरखडे पडलेले असतात, घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं आणि भिंतीवर लावायला एक बरा फोटो हवा असतो. आधार कार्डावरचा फोटो कुणालाच नको असतो. मग कुणाला तरी आठवतं, धाकटीच्या लग्नात आबांनी गुलाबी फेटा बांधला होता.

पेडगावात स्टुडिओ चालवायचा म्हणजे हा फेटा सांभाळणं आलं. परभणीत गिऱ्हाईक अनोळखी असतं. तिथं ‘सहा महिन्यांनंतर डेटाची जबाबदारी आमची नाही’ अशी पाटी लावता येते. इथं तशी पाटी लावली, तर ती वाचायला थांबलेला पहिलाच माणूस मावसभाऊ निघायचा. म्हणून मी काहीच पुसत नाही. धंद्याच्या हिशेबानं हे शहाणपणाचं आहे असं मी म्हणणार नाही.

एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत आमच्या भागातल्या निम्म्या पोरांनी ते सरकारी नोकरीच्या आशेनं केलं, तसं मीही केलं. नोकरी लागली नाही, पण संगणकाची भीती गेली. तेव्हा शूटिंग मिनी डीव्हीच्या टेपवर व्हायचं. एक टेप म्हणजे एक तास. पाठीवर नाव-तारीख लिहून टेप कपाटात उभी केली की विषय संपला. संगणकात उतरवली तर तासाला १३ जीबी व्हायचे आणि तेवढ्यानंही धाप लागायची. आता फोर-के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, हळद, सीमांतपूजन, अक्षता, पंगत, वरात असं धरलं तर एका लग्नाचे चारशे-साडेचारशे जीबी सहज होतात. त्यात ड्रोनचं वेगळं. टेप गेली तेव्हा कपाट रिकामं झालं म्हणून आनंद झाला होता. पण साठवण कपाटातून उठून टेबलावर आली आणि टेबल भरत गेलं.

हार्डडिस्क एकदम घेता येत नाहीत. एक भरली की दुसरी. थायलंडमध्ये २०११ च्या ऑक्टोबरात पूर आला, तिथले हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि भाव एकदम चढले. तेव्हा तर जुन्या मशीनमधल्या डिस्क शोधून काढून वापराव्या लागल्या. अशा वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतलेल्या सहा डिस्क माझ्याकडं जमा झाल्या. संगणकाच्या डब्यात दोन मावायच्या. बाकीच्या बाहेर, वायरी लोंबत, पुठ्ठ्यावर. छोट्या स्टुडिओंत जाऊन पाहा, हे दृश्य सर्रास दिसतं. सहा डिस्क एकत्र बसवायचे तयार डबे मिळतात, पण चांगल्या डब्याच्या किमतीत माझा एक जोडकॅमेरा येतो. मी लेन्स घेतली असती, डबा घेतला नसता.

पुठ्ठ्यावर डिस्क ठेवू नये याला कारणं बरीच आहेत. तिची पोटाकडची बाजू उघडी असते, तिथं हिरवी सर्किटची पाटी असते. त्या पाटीवर पालीनं चालू नये आणि मुंग्यांनी घर करू नये. दुसरं म्हणजे आतली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा, आणि वाचणारा काटा तिच्यावर केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असतो. चालू डिस्कची वायर कुणाच्या पायात अडकून ती टेबलावरून पडली, की पाच वर्षांची लगीनसराई गेली. शेजारी-शेजारी ठेवलेल्या डिस्क एकमेकींना हादरेही देतात. यातलं शेवटचं लोकांना पटत नाही. त्यावर पुढं येतो.

आखाडात आमच्या धंद्यात शांतता असते. तुळशीचं लग्न लागेपर्यंत पासपोर्ट फोटो आणि शाळेच्या ओळखपत्रांवर दिवस काढायचे. त्या काळात मी डिस्कसाठी एक घोडी करायला घेतली. या वस्तूला दुसरं काय म्हणायचं ते कळेना. स्टँड म्हटलं तर लोक मोबाईलचं स्टँड समजतात. म्हणून घोडी.

मी गेलो फॅब्रिकेशनवाल्या मामांकडं. माझ्या नात्यातले मामा ते नाहीत, गावाचे मामा आहेत. सरकत्या खिडक्या, शटर, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके असं काम त्यांच्याकडं चालतं. खिडक्यांच्या अॅल्युमिनियम सेक्शनचे उरलेले तुकडे त्यांच्या शेडच्या कोपऱ्यात पडलेले असतात, ते किलोवर मिळतात. मी नेटवरून मापं उतरवून नेली होती. कागदावर लिहिलं होतं: १०१.६, ९५.२५, ४४.४५, ६.३५, सगळी मिलीमीटरमध्ये.

मामांनी कागद लांब धरला. “हे काय मोंढ्यातले भाव लिहून आनलास का?”

“मापं आहेत मामा, डिस्कची.”

“पॉइंटात माप? कोन कापनार ते?” असं म्हणून त्यांनी डिस्क हातात घेतली आणि शर्टाच्या खिशातून टेप काढला, इंचांचा. रुंदीला लावला. “चार इंच. बत्तीस सूत.” मग डिस्क कडेवर उभी करून बाजूच्या भोकाचा मधला बिंदू बुडापासून मोजला. “दोन सूत.” उलटी करून खालच्या भोकांमधलं आडवं अंतर बघितलं. “पावनेचार इंच, तीस सूत.” उभं अंतर, “पावनेदोन, चौदा सूत.”

मी हिशेब मांडून पाहिला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलीमीटर. १०१.६ बरोबर बत्तीस सूत. ९५.२५ बरोबर तीस. ४४.४५ बरोबर चौदा. ६.३५ बरोबर दोन. माझ्या कागदावर दशांशात तुकडे झालेले आकडे मामांच्या टेपवर पूर्णांकात आले होते. बाजूच्या पहिल्या आणि शेवटच्या भोकामधलं अंतर पुन्हा चार इंच. वायरी जोडायच्या कडेपासून पहिलं भोक २८.५ मिलीमीटरवर असतं, ते मामांनी “नऊ सूत, नख कमी” असं सांगितलं. नऊ सुतांचे २८.५७५ होतात. नखाची जाडीसुद्धा त्यांनी जास्तच धरली होती. लांबी तेवढी सुतात येत नाही, १४७ मिलीमीटर आहे, पण तिचं आम्हाला काही काम नव्हतं.

हे जुळणं योगायोगानं आलेलं नाही. या आकाराची पहिली हार्डडिस्क १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीनं काढली, १० एमबीची. तिला साडेतीन इंची म्हणतात, पण ती चार इंच रुंद आहे, कारण साडेतीन इंची फ्लॉपी ज्या खणात बसायची त्या खणात तिला बसायचं होतं. माणसं इंचात विचार करत होती, म्हणून भोकं इंचाच्या आठव्या भागांवर पडली. पुढं १९९० मध्ये डिस्क उद्योगातल्या कंपन्यांनी एक समिती केली आणि ही मापं कागदावर पक्की झाली. त्या कागदाचा क्रमांक एसएफएफ ८३०१. कुठल्याही कंपनीची डिस्क घ्या, ती थायलंडात बनो की चीनमध्ये, भोक बुडापासून दोन सुतांवरच सापडणार. माझ्या सहा डिस्क तीन कंपन्यांच्या होत्या, त्यातल्या दोन कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. भोकांच्या बाबतीत मात्र त्यांचं एकमत. पेडगावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये घरगुती घोडी करता येते ती या एकमतामुळं. आमचं कौशल्य त्याच्या नंतर येतं.

शाळेत आम्हाला दशमान पद्धत शिकवली. मापांचा कायदा १९५६ चा, आणि बासष्ट सालापर्यंत देशानं फूट-इंच सोडून द्यायचं ठरवलं होतं. मामांच्या शेडपर्यंत तो कायदा पोचलाच नाही. त्यांना मी दोष देत नाही. परभणीहून मनमाडकडं जाणारा रूळ आमच्या पेडगाव स्टेशनावरून जातो. निजामाच्या राज्यात तो टाकला तेव्हा मीटरगेज होता, बरोबर एक मीटर. देश मीटर-किलोग्रॅमवर आल्यानंतर तीसेक वर्षांनी, नव्वदच्या दशकात, तो ब्रॉडगेज झाला. म्हणजे किती? तर साडेपाच फूट. आख्खा देश मीटरकडं निघाला आणि आमचा रूळ मीटरवरून फुटांवर आला. मामांना हे सांगितल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

घोडीचा आराखडा साधा ठरला. पातळ अॅल्युमिनियम अँगलचे चार उभे खांब, दोन डावीकडं, दोन उजवीकडं. एका बाजूच्या दोन खांबांमधलं अंतर असं, की भोकं चार इंचांवर यावीत. डिस्क आडव्या, एकीवर एक, मधे हवा. खाली जाड फळी. प्रत्येक डिस्कला चार स्क्रू, बाजूच्या टोकांच्या भोकांत. बाजूला तीन-तीन भोकं असतात, पण मामांनी मधलं वापरू दिलं नाही. “दोन टोकं धरली की मधलं कुठं जातंय?” हा सल्ला नंतर फार उपयोगी पडला. मोठ्या क्षमतेच्या नव्या डिस्कांत आत तबकड्या जास्त भरतात, त्यामुळं बऱ्याच मॉडेलांत बाजूचं मधलं भोक काढूनच टाकलंय आणि खालची भोकंही सरकवलीत. खालून बसवायचा जुना डबा त्यांना चालत नाही. आमच्या घोडीला फरक पडला नाही.

खरा वाद झाला दोन डिस्कांमधल्या अंतरावर. डिस्कची जाडी २६.१ मिलीमीटर, आठ सुतांच्या जरा वर. मला वाटत होतं दहा सुतांवर एक डिस्क बसवावी, म्हणजे घोडी बुटकी होईल. तेवढ्यात मधे साडेपाच मिलीमीटरची फट राहते. मामांनी माझी बोटं मागितली. दोन डिस्क तेवढ्या अंतरावर धरल्या आणि म्हणाले, “घाल बोट मधी.” गेलं नाही. “तुझं बोट जाईना तर वारा काय जाईल? अन् वायर तुटली तर काढशील कशी?” वाऱ्याला बोटाएवढी जागा लागत नाही हे मला माहीत होतं, पण वायर काढायला लागते हेही खरं होतं. शेवटी बारा सूत ठरलं, दीड इंच. मधे १२ मिलीमीटर मोकळे. सहा डिस्कांची उंची २१७ मिलीमीटर भरली. संगणकाचा मोठा पंखा १२० मिलीमीटरचा असतो, दोन एकावर एक लावले की २४०. सगळ्या डिस्क दोन पंख्यांच्या झोतात आल्या. दहा सुतांत हे इतकं नीट बसलं नसतं.

चार खांबांवर प्रत्येकी सहा भोकं, म्हणजे चोवीस. एकेका खांबावर वेगळं मोजून भोकं पाडली, तर कुठंतरी अर्धा मिलीमीटर इकडंतिकडं होतो आणि शेवटची डिस्क तिरकी बसते. मामांनी चारही अँगल एकात एक बसवून शिकंज्यात आवळले, वरच्यावर गुण्या लावून रेघा मारल्या, सेंटर पंचनं टिंबं ठोकली आणि चारींच्या आरपार एकदमच ड्रिल घातलं. चूक झाली तरी चारींत सारखीच होणार, आणि सारखी चूक घोडीला चालते. ड्रिलच्या टोकावर ते मधूनमधून घासलेटाचा थेंब सोडत होते. अॅल्युमिनियम गरम झालं की ड्रिलला चिकटतं, घासलेटानं सुटतं. भोकाच्या कडांना राहिलेले धारदार काठ मोठ्या ड्रिलनं हातानं फिरवून काढले. मग अँगल साबणानं धुऊन उन्हात वाळवले. अॅल्युमिनियमचा एक कीस डिस्कच्या उघड्या सर्किटवर पडला, तर काय होईल ते सांगायला नको. भोकं पाडून झाल्याशिवाय डिस्क शेडमध्ये आणायची नाही, असा नियम मी घातला. माप घ्यायला मामांना एक मेलेली डिस्क दिली होती, ती अजून त्यांच्याकडं पेपरवेट म्हणून आहे.

सगळ्यात छोट्या वस्तूनं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. स्क्रू. हार्डडिस्कचा स्क्रूही इंचातलाच, सहा-बत्तीस. इंचात बत्तीस आटे, म्हणजे मामांच्या भाषेत सुताला चार. जाडी साडेतीन मिलीमीटर. मिलीमीटरच्या मापाचे तेवढ्याच जाडीचे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, दिसायलाही सारखे, पण त्यांचे आटे बारीक असतात. दोन वेढे जातात, मग अडतात, आणि जोर लावला की डिस्कच्या भोकातले आटे जातात. ते परत येत नाहीत. संगणकाच्या दुकानात जे स्क्रू सुटे मिळतात ते दोन सूत लांब. लांब हवे असतील तर मोठ्या शहरातून मागवा. शिवाय लांब स्क्रू धोक्याचा, कारण डिस्कच्या भोकात साडेतीन मिलीमीटरच्या आसपासच जागा असते, त्यापुढं आतल्या भागांना टोक लागू शकतं.

म्हणून मग सगळं उलटीकडून ठरवलं. स्क्रू सव्वासहा मिलीमीटर. त्यातले तीन-सव्वातीन डिस्कच्या आत गेले पाहिजेत. उरलेल्या तिनांत अँगलची जाडी, आतून रबर आणि बाहेरून वॉशर बसवायचा. अँगल दीड मिलीमीटरचा निवडला, तो खिडकीच्या सेक्शनमध्ये मिळतोच. रबर एक मिलीमीटरचं, म्हणजे सायकलच्या ट्यूबचं. बाहेरून मदरबोर्डाखाली लावतात तो तांबडा फायबर वॉशर. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं जाड रबर जास्त चांगलं होतं, पण स्क्रू पुरला नसता. ते फळीच्या खाली चार कोपऱ्यांत लावलं. काळ्या मातीवर बांधलेल्या दुकानाची फरशी पावसाळ्यात एक पातळी दाखवते आणि उन्हाळ्यात दुसरी, त्यामुळं एका कोपऱ्यात दुहेरी रबर घालावं लागलं.

हादऱ्यांबद्दल लिहितो म्हणालो होतो. सायकलच्या ट्यूबनं हादरे पूर्ण थांबतात असं नाही. स्क्रू लोखंडाचा, तो धक्का पोचवतोच. पण सहा डिस्क चालू असताना जो घोंघों आवाज यायचा आणि मधेच वाढून कमी व्हायचा, तो बराच बसला. असा चढउतार का होतो? सगळ्या डिस्क एकाच वेगानं फिरतात म्हणतात, पण तंतोतंत नाही. किंचित फरक असला की दोन आवाज कधी एकमेकांत मिसळतात, कधी एकमेकांना खातात. भजनात दोन पेट्या जवळजवळ एका सुरात लागल्या की जो थरथरता आवाज येतो, तोच हा.

बाहेरच्या आवाजाचाही डिस्कवर परिणाम होतो हे मी आधी वाचलं होतं, मग पाहिलं. सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस एक व्हिडिओ टाकला होता. त्यात ते डिस्कांच्या रांगेसमोर उभे राहून जोरात ओरडतात आणि मागच्या आलेखात डिस्कांना लागणारा वेळ चढलेला दिसतो. रोमानियात, बुखारेस्टला, २०१६ मध्ये एका बँकेनं आग विझवायच्या गॅसची चाचणी घेतली. गॅस सुटतानाच्या आवाजानंच डझनावारी डिस्क निकामी झाल्या आणि बँकेची सेवा काही तास बंद पडली. हे वाचून मला हसू आलं होतं. मग एका संध्याकाळी स्टुडिओत कॉपी चालू होती आणि समोरच्या रस्त्यावर वरात थांबली. डीजेच्या भिंती दुकानाच्या शटरला जवळजवळ टेकल्या होत्या. सेकंदाला दीडशे एमबीनं चाललेली कॉपी अडखळायला लागली, मधेच शून्यावर जाऊन परत यायची. नाचणाऱ्यांत माझीच गिऱ्हाइकं होती, म्हणून आवाज कमी करा म्हणायची सोय नव्हती. कॉपी थांबवली, डिस्क बंद केल्या आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. आता वरात वळणावर दिसली की आधी डिस्क बंद करायच्या, मग नवरदेव बघायला जायचं.

उन्हाळ्याचं सांगायला हवं. आमची लगीनसराई आणि परभणीचा उन्हाळा एकाच वेळी येतात, एप्रिल-मे. बाहेर ४२-४४ अंश, वर पत्रा. हिवाळ्यात हाच जिल्हा गारठ्यासाठी पेपरात येतो, पण तेव्हा डिस्कांना काम कमी असतं. कंपन्या ६० अंशांपर्यंत चालेल म्हणतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला, त्यात तापमान आणि बिघाड यांचं नातं लोक समजतात तेवढं घट्ट निघालं नाही. फार गरम झालेल्या आणि वय झालेल्या डिस्कांतच ते स्पष्ट दिसलं. तो अभ्यास थंड केलेल्या डेटा सेंटरमधला. माझ्या डिस्क वयस्क आणि खोली गरम, म्हणजे मी नेमका त्यांच्या ‘फार’मध्ये येतो. पंखे लावल्यावर खोली ४० अंशांवर असताना डिस्क ४६-४७ वर राहू लागल्या. त्यात मी समाधानी आहे. कूलरचा झोत मात्र घोडीवर येऊ देत नाही. ती हवा ओली असते, आणि वाळ्याच्या जाळीतून येताना धूळ घेऊनच येते. पंख्यांच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी ताणून लावलीय. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ती आठवड्याला धुवावी लागते. डिस्कवर एक बारीक श्वासाचं भोक असतं, त्याच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची नाही, एवढं पथ्य जो मदतीला येतो त्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो. चिठ्ठ्या खांबांवर चिकटवतो.

वीज हा वेगळा अध्याय आहे, पण थोडक्यात. चालू असलेली डिस्क सात-आठ वॅट खाते. सुरू होताना मात्र तबकडीला वेग द्यायला १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. सहा एकदम सुरू झाल्या तर क्षणभर दीडशे वॅटच्या जवळ. यूपीएसवर असताना तेवढ्यातच तो कुरकुरतो. म्हणून दोन-दोनच्या तीन जोड्या केल्या, प्रत्येकीला वेगळा स्विच. एक वायर अनेकींत वाटणारे जे स्वस्त जोड मिळतात, त्यांचं प्लास्टिक साच्यात ओतलेलं असतं. ते आतून शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणं आहेत. मी दाबून बसवलेल्या पिनांचे, मागून उघडता येणारे घेतले. आणि अर्थिंग. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो, तेव्हा रोज सकाळी तांब्याभर पाणी तिथं टाकायचं काम घरच्यांनी तुळशीच्या पाण्याबरोबर स्वतःकडं घेतलंय.

एवढं करून घोडी म्हणजे सुरक्षितता असं मी मानत नाही. ती डिस्क धरते, त्यावरचं काही वाचवत नाही. प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी कोठीच्या खोलीत. घोडीचा त्यात उपयोग एवढाच, की चार स्क्रू सोडले की कोणतीही एक डिस्क बाकीच्यांना न हलवता बाहेर येते. बारा सुतांच्या फटीचा फायदा तिथं सगळ्यात जास्त होतो. बोट जातं.

लोकांना वाटतं असली जुगाडं गरिबांचीच. गूगलच्या दोन पोरांनी १९९६ मध्ये स्टॅनफर्डला पहिला सर्व्हर उभा केला तेव्हा ४ जीबीच्या दहा डिस्क ठेवायला मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांचा डबा केला होता. तो डबा आता जपून ठेवलाय. बॅकब्लेझ नावाच्या कंपनीनं २००९ मध्ये एका डब्यात ४५ डिस्क उभ्या लावल्या, हादरे कमी करायला त्यांना रबरी पट्टे घातले आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला करून टाकला. तो आराखडा मी मामांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी मोठा करून करून पाहिला आणि विचारलं, “यांच्याकडं वारा कुठून जातोय? लईच दाटी केलीय.” मी म्हटलं त्यांच्याकडं एसी असतो. “मग बरोबर.”

आता लोक एसएसडीचं सांगतात. मी पण संपादनासाठी एक घेतलीय. तिच्यात फिरणारं काही नाही, तिला घोडी लागत नाही, दुहेरी चिकटपट्टीवर ती डब्यात कुठंही राहते. मामांनी तिचीही मापं घेतली. रुंदी बावीस सूत निघाली, त्यांना बरं वाटलं. भोकांवर टेप लावला आणि काहीच जुळेना. स्क्रू तीन मिलीमीटरचा. “ही नव्या पोरांची दिसतीय,” म्हणाले आणि परत दिली. पण वर्षानुवर्षं ठेवायच्या शूटिंगसाठी एसएसडीचा दर मला परवडत नाही. फिरणारी डिस्क अजून बरीच वर्षं इथं राहील.

मागच्या महिन्यात मानवतकडचे एक स्टुडिओवाले दादा घोडी बघायला आले. त्यांच्याकडं आठ डिस्क आहेत. त्यांना तशीच हवी होती, पण लोखंडी कपाटाच्या खणात बसणारी, आणि खण साडेदहा इंच उंच. आठ डिस्क बारा सुतांनी लावल्या तर साडेअकरा इंच होतात, फळी वेगळी. दादा म्हणाले दहा सुतांनी करा, पावणेदहात बसेल. मी त्यांना वाऱ्याचं सांगितलं, वायरींचं सांगितलं, बंद कपाटात आधीच हवा कोंडते हेही सांगितलं. त्यांना ते पटत होतं आणि कपाटही सोडवत नव्हतं. शेवटी आम्ही दोघं मामांकडं गेलो. मामा शटरची पट्टी सरळ करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दादांची बोटं मागितली, मग खणाची उंची पुन्हा विचारली.

“कपाट आना इकडं,” ते म्हणाले. “त्याचा खन कापून देतो.”